शाळेची हद्द कोणी आखायची?

आपल्या भागात 'सीमा' हा शब्द नुसता उच्चारला तरी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एकच रेघ उभी राहते. १ नोव्हेंबर १९५६ ला ती आखली गेली, १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ पासून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे. या रेघेवर आजवर इतके लिहिले गेले आहे की, वीस वर्षांच्या वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने त्यात भर घालण्याचे कारण नाही. मला लिहायचे आहे ते दुसऱ्याच एका रेघेविषयी. तिच्यासाठी मोर्चा निघत नाही. वर्तमानपत्रात तिची बातमी येत नाही. एखाद्या गावात नवे सरकारी हायस्कूल मंजूर होते, तेव्हा कोणत्या गावांची मुले तिकडे जायची आणि कोणाची पूर्वीच्याच हायस्कुलात राहायची हे जे ठरते, ती ही रेघ. 'ठरते' हे क्रियापद मी मुद्दाम वापरले आहे, कारण ते ठरवतो कोण हे गावात विचारले तर उत्तर मिळत नाही.

आपल्याकडची व्यवस्था सर्वांना माहीत आहे, तरी थोडक्यात सांगतो. कर्नाटकात सरकारी उच्च प्राथमिक शाळा बहुतेक ठिकाणी सातवीपर्यंत असते, काही ठिकाणी आठवीपर्यंत. पुढे दहावीपर्यंत हायस्कूल. सातवीपर्यंतच्या शाळा गावोगाव आहेत, हायस्कुले मात्र चार-पाच गावांत मिळून एक. त्यामुळे प्रत्येक हायस्कुलाभोवती त्याला मुले पुरवणाऱ्या गावांचे एक कडे असते. त्यातली पुष्कळ हायस्कुले शिक्षणसंस्थांनी लोकवर्गणीतून उभी केलेली व पुढे अनुदानावर आलेली आहेत. कागदोपत्री कोणत्याही मुलाला कोणत्याही हायस्कुलात नाव घालता येते, कोणी अडवत नाही. पण सातवीचा दाखला काढताना गुरुजी काय सांगतात, बस कोणत्या दिशेला जाते, कोणत्या शाळेत कोणत्या माध्यमाचे शिक्षक आहेत आणि नव्या शाळेचा पट भरावा म्हणून वरून काय तोंडी सूचना येते, या चार गोष्टींनी ते कडे पक्के होते. नवी शाळा निघाली की कडे मोडते आणि नव्याने जुळते. या फेरजुळणीला आपल्याकडे नाव नाही. अमेरिकेत आहे, तिथे प्रत्येक सरकारी शाळेचे क्षेत्र नकाशावर आखलेले असते, आणि नवे हायस्कूल उघडले की हा नकाशा बदलण्याच्या सभांना आईबाप गर्दी करतात, भांडतात, निदान भांडायला सभा तरी असते.

माझे म्हणणे एका वाक्यात मांडता येईल. नव्या हायस्कुलात कोणत्या माध्यमाचे वर्ग व शिक्षक असणार आणि तिथे बस कशी पोहोचणार हे आधी जाहीर झाले पाहिजे, आणि हद्द त्यानंतर आखली पाहिजे. आज हे उलट्या क्रमाने होते. आधी किलोमीटर मोजतात, इमारतीचे उद्‌घाटन होते, आणि माध्यमाचा व बसचा प्रश्न आठवीची मुले दारात उभी राहिल्यावर निघतो.

किलोमीटर मोजण्यामागे आधार नाही असे नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या मुलाला 'शेजारच्या शाळेत' मोफत शिक्षणाचा हक्क दिला. शेजार म्हणजे किती, हे केंद्राच्या २०१० च्या नमुना नियमांत सांगितले आहे : पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर, सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर. नववी-दहावी या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिली. त्यांच्यासाठी २००९ च्याच राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानात पाच किलोमीटरच्या आत माध्यमिक शाळा असावी असे उद्दिष्ट होते. आकडे चांगले आहेत. पण नियम नीट वाचला तर त्यात 'चालण्याचे अंतर' असे शब्द आहेत, आणि पुढे असेही आहे की जिथे पूर, दरडी, रस्त्याचा अभाव अशा अडचणी असतील तिथे ही मर्यादा कमी करून शाळा काढावी. आकडा सगळ्यांना पाठ असतो; हे पुढचे कलम कोणी उच्चारत नाही.

वाणिज्य शाखेच्या अभ्यासात ऑपरेशन्स रिसर्चमध्ये वाहतुकीचे गणित येते. १९४१ मध्ये हिचकॉक नावाच्या गणितज्ञाने ते मांडले. कारखाने इतके, प्रत्येकाचा माल इतका; बाजार इतके, प्रत्येकाची मागणी इतकी; प्रत्येक कारखान्यापासून प्रत्येक बाजारापर्यंत एक पोते पोहोचवण्याचा खर्च अमुक. तर एकूण खर्च कमीत कमी होईल असा माल कसा वाटायचा? कारखान्याच्या जागी सातवीची शाळा आणि बाजाराच्या जागी हायस्कूल ठेवले की आपलाच प्रश्न तयार होतो. अमेरिकेत १९६० च्या दशकापासून शाळांच्या हद्दी आखायला ही रीत वापरून पाहिली गेली आहे, तेव्हा माझा हा काही शोध नव्हे.

या गणिताची सुरुवातीची एक सोपी पद्धत आहे, तिला वायव्य कोपरा पद्धत म्हणतात. तक्त्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातून सुरू करायचे आणि खर्चाकडे न पाहता रकाने भरत जायचे. उत्तर येते, पण ते बहुधा महाग असते. म्हणून पुढे ते सुधारत न्यायचे असते. आपल्या कचेऱ्या वायव्य कोपऱ्यातून सुरू करतात आणि तिथेच थांबतात असे मला वाटते. (आपल्या बसवरही 'वायव्य' लिहिलेले असते, त्याचा याच्याशी संबंध नाही.) आणखी एक गोष्ट या गणितात आहे. माल मागणीपेक्षा जास्त झाला तर हिशेब जुळवण्यासाठी एक डमी रकाना घालतात, म्हणजे अस्तित्वातच नसलेला बाजार. तिथे जाणाऱ्या मालाचा खर्च शून्य धरतात. पोत्यांच्या बाबतीत त्याचा अर्थ माल गोदामात पडून राहिला इतकाच. मुलांच्या बाबतीत डमी रकान्यात जाणे म्हणजे सातवीनंतर घरी बसणे. गुरे, धाकटी भावंडे, काजूची बी, गवंड्याच्या हाताखाली काम. तिथेही सरकारी तक्त्यात खर्च शून्यच दिसतो.

एक उदाहरण घेऊ. गावे काल्पनिक आहेत, अडचणी काल्पनिक नाहीत. अ गावात मराठी सातवीत चाळीस मुले आहेत, क गावात पंचवीस. दोन्ही गावांची मुले ड गावच्या अनुदानित मराठी हायस्कुलात जातात. अ पासून ड सहा किलोमीटर आहे, पण हमरस्त्यावर, आणि सकाळी साडेआठला बस आहे. आता ब गावात सरकारी हायस्कूल निघाले. ब मध्ये कन्नड सातवीत तीस मुले, मराठी सातवीत वीस. अ पासून ब फक्त तीन किलोमीटर. कागदावर हिशेब सरळ आहे : चाळीस मुले गुणिले सहा म्हणजे दोनशे चाळीस, चाळीस गुणिले तीन म्हणजे एकशे वीस. निम्मी पायपीट वाचली, अ गाव नव्या शाळेकडे.

पण ते तीन किलोमीटर शेताच्या बांधावरून आहेत. मधे ओढा आहे, आणि जूनअखेर ते सप्टेंबर त्याला पाणी असते. बस नाही. सहा किलोमीटरला बसने वीस मिनिटे लागत, तीन किलोमीटरला चालत पाऊण तास लागतो. आणि नव्या शाळेत शिक्षकांच्या जागा मंजूर झाल्या त्या एका तुकडीच्या, कन्नड माध्यमाच्या. मग अ गावची चाळीस मुले कुठे गेली? काही ड लाच जात राहतील, काही ब ला जातील, आणि काही डमी रकान्यात. यातल्या मुलीच जास्त असतील हे सांगायला तक्ता नको.

आता याच उदाहरणात क्रम बदलून पाहा. ब मध्ये आधी मराठी तुकडी मंजूर झाली, ओढ्यावर साकव झाला, आणि ड पर्यंत येणारी बस ब पर्यंत वाढवली, असे धरू. ब ची वीस आणि अ ची चाळीस मिळून साठ मुलांची मराठी तुकडी उभी राहते, तीस मुलांची कन्नड तुकडी उभी राहते, आणि अ गाव नव्या शाळेला जोडणे एकदम शहाणपणाचे ठरते. गावे तीच, किलोमीटर तेच, उत्तर मात्र उलटे आले.

खर्च म्हणजे अंतर नव्हे, हे आपल्या राज्यात अलीकडे चांगले दिसू लागले आहे. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत स्त्रियांना व मुलींना राज्याच्या साध्या बसमध्ये तिकीट पडत नाही. म्हणजे एकाच घरातल्या भावाबहिणींच्या खर्चाचे तक्ते आता निराळे आहेत : भावाला पास काढावा लागतो, बहीण फुकट जाते. सहा किलोमीटर बसचा रस्ता बहिणीला तीन किलोमीटर पायवाटेपेक्षा स्वस्तही पडतो आणि सुरक्षितही. जुन्या पद्धतीने किलोमीटर मोजणाऱ्याला हे दिसणारच नाही. त्याआधी सायकली होत्या. २००६-०७ पासून आठवीतल्या मुलामुलींना सरकारी व अनुदानित शाळांत त्या मिळत, आणि ज्या वर्षी कोविड आला त्या सुमारास ते वाटप थांबले. सायकलीने काय होते याचा बिहारमध्ये मोठा अभ्यास झाला आहे. तिथे २००६ साली हायस्कुलात नाव घालणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्यात आले. कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षाप्रमाणे माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी त्यामुळे ३२ टक्क्यांनी वाढली, आणि ही वाढ मुख्यत्वे हायस्कुलापासून लांब असलेल्या गावांत झाली. नवी शाळा न बांधता, हद्द न बदलता, फक्त खर्चाचा एक आकडा बदलून.

खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग ज्यांनी पावसाळ्यात पाहिला आहे त्यांना ओढ्याचा मुद्दा पटवून द्यावा लागणार नाही. आमगाव, गवाळी, कोंगळा, पास्तोळी ही भीमगडच्या रानातली गावे. २०११ मध्ये तिथे अभयारण्य जाहीर झाले, तेव्हापासून रस्ता करायचा म्हटला तरी वनखात्याची परवानगी आली. अशा ठिकाणी कंपासने वर्तुळ काढून 'पाच किलोमीटरच्या आत' म्हणणे हा मुलांशी केलेला विनोद आहे. तिथे हद्द आखण्यापेक्षा वसतिगृह काढणे हेच उत्तर, आणि नियमांतही तशा विरळ वस्त्यांसाठी वाहतूक किंवा निवासाची सोय करावी असे म्हटलेले आहे.

माध्यमाचा मुद्दा अधिक नाजूक आहे. आमच्या वार्षिकात मराठी व कन्नड असे दोन विभाग आहेत, आणि कन्नड विभागातील माझे मित्र हा लेख वाचतील हे धरूनच लिहितो. एक मत असे आहे की, या राज्यात राहायचे तर कन्नड आलेच पाहिजे, मग मराठी मुलाने जवळच्या कन्नड हायस्कुलात गेले तर बिघडले काय? पहिला अर्धा भाग मला मान्य आहे. मी मराठी माध्यमात शिकलो, कन्नड शाळेत आणि बाजारात शिकलो. आज दुकानातली वही कोणत्याही लिपीत लिहिता येते, आणि त्याचा फायदाच होतो. पण भाषा शिकणे आणि त्या भाषेतून बीजगणित शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सात वर्षे 'लसावि', 'घनफळ', 'प्रकाशसंश्लेषण' असे शब्द घोकलेल्या मुलाला आठवीच्या पहिल्या दिवशी ते सगळे शब्द बदलून द्यायचे आणि तिसऱ्या वर्षी दहावीच्या परीक्षेला बसवायचे, यात तो कन्नड शिकत नाही, गणित सोडतो. शिक्षणहक्क कायद्याच्या २९ व्या कलमातही शक्य तेथवर शिक्षण मातृभाषेतून असावे असे म्हटले आहे. घटनेच्या ३५०-अ कलमात प्राथमिक अवस्थेत भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिकण्याची सोय करण्याची अपेक्षा आहे. हे कलम १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आले, म्हणजे राज्यांची रेघ आणि हे कलम जुळी भावंडे आहेत. प्राथमिक अवस्था संपली की मात्र ते गप्प होते, आणि आपला प्रश्न नेमका तिथूनच सुरू होतो.

हा फक्त मराठी मुलांचा प्रश्न नाही. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या महाराष्ट्रातील तालुक्यांत कन्नड माध्यमाच्या प्राथमिक शाळा आहेत. तिथल्या कन्नड मुलाला सातवीनंतर जवळचे हायस्कूल मराठीच सापडले तर त्याची अवस्था इथल्या मराठी मुलासारखीच. आपल्या तालुक्यातही मराठी वस्तीच्या गावात कन्नड शाळेत शिकणारी चार-दोन घरे असतात. त्यांच्यासाठीही तक्त्यात ओळ हवी. आणि राज्याची रेघ आणखी एक गंमत करते. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, नंतर कोल्हापूरला गेला. रेघेलगतच्या गावातून पाच किलोमीटरचे वर्तुळ काढले तर त्याचा अर्धा भाग दुसऱ्या राज्यात पडतो. तिथे मराठी हायस्कूल असले तरी इथल्या शिक्षणखात्याच्या लेखी ते नाही, कारण त्यांच्या नकाशावर पलीकडचा भाग कोराच असतो. मुलांच्या पायांना तो कोरा नसतो.

मग प्रत्येक माध्यमाला वेगळे हायस्कूल हवे काय? तसे मी म्हणत नाही. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने शेजारशाळेची कल्पना मांडली. परिसरातील सर्व मुलांनी, मग ती कोणत्याही जातीची, धर्माची, ऐपतीची असोत, एकाच शाळेत बसावे ही ती कल्पना. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातले. तरुणपणी त्यांनी धारवाडजवळच्या उप्पिनबेटगेरी या कन्नड खेड्यात राहून काम केले, पुढे गारगोटीला मौनी विद्यापीठ उभे केले. दोन्ही भाषांची खेडी पायाखालून गेलेला माणूस शेजारशाळेची शिफारस करणाऱ्या आयोगात असावा, हे मला फार बोलके वाटते. हद्द भाषेवर आखून कन्नड मुले एका गावात आणि मराठी मुले दुसऱ्या गावात पाठवली तर शेजारशाळेचा मूळ हेतूच गेला. एका आवारात दोन तुकड्या, एक मैदान, एक प्रयोगशाळा, एकच घंटा, आणि खेळाच्या तासाला दोन्ही तुकड्या एकत्र, हे खर्चालाही परवडते. आमच्या महाविद्यालयात मराठी आणि कन्नड शाळांतून आलेली मुले एकाच बाकावर बसतात. ती ओळख आठवीत झाली असती तर काय बिघडले असते?

हद्दीच्या रेघेत केवढी ताकद असते हे पाहायचे तर अमेरिकेचा इतिहास पाहावा. १९५४ च्या ज्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, त्यातली लिंडा ब्राउन ही टोपेका गावातली मुलगी. गोऱ्यांची शाळा तिच्या घरापासून सात चौकांवर होती, आणि तिला चालत जाऊन बस पकडून मैलभर लांबच्या काळ्यांच्या शाळेत जावे लागे. पुढे कायदा बदलला, तरी रेघा राहिल्याच. १९७४ च्या जूनमध्ये बोस्टनच्या खटल्यात न्यायाधीश गॅरिटी यांनी निकाल दिला, त्यात शाळामंडळाने काय केले याची यादी आहे : हद्दी कशा आखल्या, कोणत्या खालच्या शाळेची मुले कोणत्या वरच्या शाळेत पाठवली, नव्या शाळांसाठी जागा कुठे निवडल्या. कुठेही 'काळ्यांना प्रवेश नाही' अशी पाटी नव्हती. नकाशाने ते काम केले होते. मग न्यायालयाने मुले बसने अदलाबदल करण्याचा हुकूम दिला आणि सप्टेंबरात त्या बसवर दगड पडले. त्याच वर्षी जुलैमध्ये डेट्रॉइटच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की, उपनगरांच्या शाळामंडळांनी स्वतः भेदभाव केल्याचे सिद्ध झाल्याशिवाय त्यांना या उपायात ओढता येणार नाही. झाले, ज्यांना परवडत होते ते उपनगरात राहायला गेले. आपल्याकडे वंशाचा प्रश्न त्या रूपात नाही, आणि तुलना ओढून-ताणून करू नये. पण रेघ कोणाला बांधते आणि कोणाला बांधत नाही हे तिथून शिकण्यासारखे आहे.

आपल्याकडे ती कोणाला बांधत नाही हे सकाळी आठ वाजता कोणत्याही गावच्या स्टँडवर उभे राहून पाहता येते. इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या साऱ्या हद्दी ओलांडून येतात आणि ज्यांच्याकडे फी आहे त्यांची मुले घेऊन जातात. आईबापांना तसा हक्कच आहे. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाच्याच खटल्यात सांगितले की, मातृभाषेच्या माध्यमाची सक्ती सरकारला करता येत नाही. मराठी शाळांचा पट घटतो त्याचा मोठा वाटा या गाड्यांचा आहे, आणि सारा दोष सरकारी हद्दीवर ढकलणारे आपले लोक या गाडीत स्वतःचे मूल बसवून मग भाषणाला जातात, हेही लिहून ठेवतो. २०१९-२० च्या प्रवेशांआधी राज्याने नियम बदलला : शेजारात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेतील शिक्षणहक्काची पंचवीस टक्के जागा तिथल्या मुलाला मिळणार नाही. उच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये तो बदल उचलून धरला. सरकारी शाळा टिकाव्यात हा त्यामागचा हेतू मला समजतो. पण परिणाम असा झाला की, गरिबाचे मूल रेघेच्या आत राहिले आणि फी भरणाऱ्याचे मूल पूर्वीसारखेच रेघेबाहेर जात राहिले. म्हणूनच रेघेच्या आत जे आहे ते चांगले असण्याची जबाबदारी रेघ आखणाऱ्यावर येते.

आता ड गावच्या हायस्कुलाकडे वळू, कारण त्याची बाजू कोणी मांडत नाही. दरवर्षी अ ची चाळीस आणि क ची पंचवीस, अशी पासष्ट मुले आठवीत येत. तिन्ही वर्ग मिळून पट एकशे पंच्याण्णव. अ गाव तोडले की पहिल्या वर्षी पट एकशे पंचावन्न होतो, कारण वरचे दोन वर्ग जुनेच असतात. दुसऱ्या वर्षी एकशे पंधरा. तिसऱ्या वर्षी पंच्याहत्तर. पहिल्या वर्षीच्या ताळेबंदात तोटा फारसा दिसत नाही, म्हणून कोणी ओरडत नाही. तिसऱ्या वर्षी शिक्षक अतिरिक्त ठरतात आणि तेव्हा ओरडून उपयोग नसतो. लोकांनी गवत आणि भात विकून वर्गणी दिली, अशा गोष्टी जुने शिक्षक सांगतात त्या याच शाळांच्या. अशी शाळा जगवण्यासाठी अ गावच्या मुलांनी वीस वर्षे सहा किलोमीटर जावे असे मी म्हणणार नाही. शाळा मुलांसाठी असते, मुले शाळेसाठी नसतात. पण तीन वर्षांचा हा हिशेब पहिल्याच दिवशी कागदावर मांडून संस्थेला, शिक्षकांना आणि गावाला दाखवला, तर ड च्या शिक्षकांतील मराठीचे दोघे ब च्या नव्या तुकडीला देता येतील काय, ड मध्ये अकरावी-बारावी काढता येईल काय, असे प्रश्न वेळेवर तरी विचारता येतील.

शेवटी करायचे काय, तर फार मोठे काही नाही. नव्या हायस्कुलाला मंजुरी मिळाली की त्या वर्षीच्या जानेवारीत, दाखले काढण्याच्या बऱ्याच आधी, एक तक्ता तयार करावा. डावीकडे सातवीच्या सर्व शाळा, माध्यमवार मुलेमुली वेगवेगळ्या. वर सर्व हायस्कुले, अनुदानितसुद्धा, आणि जवळ असेल तर रेघेपलीकडचीही. प्रत्येक चौकोनात किलोमीटरऐवजी घरापासून शाळेपर्यंत जुलै महिन्यात लागणारी मिनिटे लिहावीत. जुलै का, ते पाऊस सांगेल. एक रकाना घरी बसणाऱ्यांचा ठेवावा आणि तो शून्य धरू नये. नववी-दहावीत असलेल्यांना त्यांची शाळा सोडायला लावू नये, आणि ज्या घरातले एक मूल तिथे आहे त्या घरातल्या पाठच्या भावंडालाही मुभा असावी. तक्ता शाळा सुधारणा समितीपुढे वाचावा, ग्रामसभेत वाचावा, हरकतींना महिनाभर द्यावा. हे काम क्षेत्र शिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीने करावे. मनुष्यबळ नसेल तर आमच्यासारख्या महाविद्यालयांतील वाणिज्य व भूगोलाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून द्यावे. नाही तरी आम्ही परीक्षेसाठी सिमेंटच्या पोत्यांची तीच गणिते सोडवत असतो. आणि तो तक्ता पंचायतीच्या फलकावर मराठी व कन्नड दोन्हीत लावावा, प्रत्येक गावासमोर बसची वेळ लिहून.